प्रवाळ पांढरे पडत आहेत, टाकी रिकामी करावी का?

प्रश्न : आमची 200 लिटरची रीफ टाकी (प्रवाळांची खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी) आठ महिन्यांची आहे. काही प्रवाळांची टोके पांढरी पडली असून वाळूवर बुडबुडे अडकलेले तपकिरी, चिकट धागे दिसतात. अल्कलिनिटी (पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटचे प्रमाण) कधी 6, तर कधी 11 डीकेएच (तिचे एकक, जर्मन अंश) भरते. कमी भरली की त्याच दिवशी बफर (अल्कलिनिटी वाढवणारे क्षार) घालतो. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्य आहेत. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी मिठाचे पाणी भरतो. सगळे पाणी काढून नव्याने सुरुवात करावी का?

उत्तर : टाकी रिकामी करू नका, तसे केल्यास तग धरून राहिलेले प्रवाळही धक्क्याने जातील. बाष्पीभवनात फक्त पाणी उडते, मीठ टाकीतच राहते, त्यामुळे मिठाच्या पाण्याने भरणा करत गेल्यास लवणता सतत चढत जाते. रिफ्रॅक्टोमीटर (लवणता मोजण्याचे उपकरण) 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग मीठ) प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या आणि मगच मोजा. आकडा 35 च्या बराच वर आला, तर थोडे टाकीतले पाणी काढून तेवढेच आरओ-डीआय (गाळून क्षारमुक्त केलेले) पाणी घाला, मात्र दिवसाला 1 पीपीटीपेक्षा जास्त उतरवू नका. यापुढचा रोजचा भरणा गोड्या आरओ-डीआय पाण्याचाच असावा.

अल्कलिनिटीच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे : 7.5 किंवा 9 यांपैकी कोणताही आकडा प्रवाळांना चालतो, 6 ते 11 असे हेलकावे मात्र चालत नाहीत. रोज एकाच वेळी मोजून चोवीस तासांत ती किती घटते हे आधी पाहा आणि तेवढीच मात्रा दिवसभरात विभागून द्या. 8 च्या आसपास आणताना दिवसाला अर्ध्या अंशाहून मोठे पाऊल टाकू नका. मॅग्नेशियमही तपासा, कारण ते 1250 ते 1350 पीपीएमच्या (दशलक्ष भागांतील भाग) बरेच खाली असल्यास कॅल्शियम कार्बोनेटचा साका बनू लागतो आणि घातलेला बफर टिकत नाही.

तुमच्या पत्रातील सर्वांत चिंतेची गोष्ट मला शून्य नायट्रेट-फॉस्फेट वाटते. पोषकद्रव्ये संपलेल्या पाण्यात अल्कलिनिटी चढली की प्रवाळांची टोके जळतात, आणि अशाच पाण्यात डायनोफ्लॅजेलेट (एकपेशीय सूक्ष्मजीव) फोफावतात. तुम्ही वर्णिलेले धागे बहुधा त्यांचेच आहेत, सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करता येईल. फॉस्फेट शोषणारे माध्यम काढा, स्किमर (फेसातून सेंद्रिय कचरा काढणारे उपकरण) कमी वेळ चालवा, माशांना थोडे अधिक खाद्य द्या आणि नायट्रेट 5 पीपीएम, फॉस्फेट 0.05 पीपीएमच्या जवळ सावकाश आणा. धागे सायफनने ओढून बारीक फिल्टर सॉकमधून (गाळण्याच्या पिशवीतून) गाळलेले पाणी परत टाकीत सोडा. मोठे पाणीबदल सध्या टाळा, कारण त्याने पोषकद्रव्ये पुन्हा घटतात. काही डायनोफ्लॅजेलेट विषारी असतात, म्हणून सक्रिय कोळसा ठेवा आणि मेलेल्या गोगलगायी ताबडतोब काढा.

एखाद्या प्रवाळाची त्वचा बुडापासून काही तासांत सुटू लागली, तर मात्र वाट पाहू नका : त्वचा जिथपर्यंत सुटली आहे त्या रेषेच्या बरीच वर निरोगी फांदी कापून वेगळ्या जागी चिकटवा.