काचेलाच रंग फासला, तर शिल्पाचे काय बिघडते?

हवामानबदलाच्या आंदोलकांनी फ्रेंच कलावंत देगाच्या छोट्या नर्तकीच्या शिल्पाला हातही न लावता नुसत्या काचेला रंग फासला, तर एवढा गहजब कशासाठी, आणि निर्जीव मूर्तीत माणसाचा जीव तरी का गुंततो, असे आपण मला विचारले आहे.

माझे वडील ठाण्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवत. आजीला समोर बसवून त्यांनी शाडूत तिचे व्यक्तिशिल्प केले. ते भाजलेले नाही, नुसते वाळलेले आहे. डाव्या पापणीखाली त्यांच्या अंगठ्याचा ठसा रेषांसकट उमटला आहे. फोटोत आजी अधिक हुबेहूब दिसते, पण तिच्या गालावरून वडिलांचा हात फिरल्याची खूण फोटोत नाही. चार वर्षांपूर्वी शेजाऱ्यांनी सामाईक भिंतीला ड्रिल लावले आणि त्या हादऱ्याने शिल्पाचा एक कान गळून पडला. हात त्यालाही कोणी लावला नव्हता.

त्यामुळे २७ एप्रिल २०२३ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत हवामानबदलाकडे लक्ष वेधण्यासाठी दोघांनी देगाच्या छोट्या नर्तकीच्या काचपेटीला आणि चौथऱ्याला लाल-काळा रंग फासला, तेव्हा ‘काचच तर होती’ हा बचाव मला पटला नाही. १८८१ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेले ते मूळ शिल्प मेणाचे आहे, त्याला खरे केस आणि कापडी झगा आहे, आणि आतल्या सांगाड्यात तारांबरोबर चक्क जुने कुंचलेही आहेत (हाताशी आले ते घातले असावे, वडीलही तेच करत). अशा वस्तूच्या पेटीवर हातांनी थापटणे म्हणजे तिला हादरे देणेच.

अर्थात सगळा निषेध मी एकाच मापाने मोजत नाही. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी मुंबईतल्या राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले, तेव्हा त्यांचा राग तो पुतळा जी सत्ता मिरवत होता तिच्यावरच होता. नर्तकीचा मात्र खनिज तेलाशी काडीचाही संबंध नाही. शिवाय ते डांबर रसायनशास्त्रज्ञ गज्जर यांनी काढून दाखवले. मेणावर असा प्रयोग करण्याची सोय नसते.

दारावर पिशव्या तपासाव्यात, चौथऱ्याखाली हादरे शोषणारे थर घालावेत, हे मला मान्य आहे. प्रेक्षकाला मात्र दहा फूट मागे रेटू नये, कारण तेवढ्या अंतरावरून अंगठ्याचा ठसा दिसत नाही.

आमची आजी आता आतल्या भिंतीपाशी, जाड फोमवर विराजमान आहे. कान अजून चिकटवलेला नाही. तो कापसात गुंडाळून डबीत ठेवला आहे.