गोव्यातल्या मांडवी-झुआरी नद्यांच्या क्षारतेच्या सीएसव्ही नोंदींचा, क्लिक केल्यावर आकडा दाखवणारा नकाशा पायथॉनमध्ये कसा करायचा?

पांडास (तक्ते हाताळणारी) आणि फोलियम (नकाशे काढणारी) या पायथॉनच्या दोन लायब्ररी पुरे. सर्वात आधी मोजमाप नसल्याची खूण म्हणून भरलेले -९९९९ सारखे आकडे आणि रिकामे अक्षांश-रेखांश काढा. जागा रिकामी राहिली तर फोलियम एररच देतो. मग प्रत्येक नोंदीला एक सर्कलमार्कर (गोल ठिपका), त्यावर क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पॉपअपमध्ये क्षारता, खोली आणि वेळ. वेळ हवीच, कारण भरती-ओहोटीत एकाच जागेचा आकडा खूप बदलतो.

रंगपट्टी ब्रांकाच्या (फोलियमसोबत येणारी लायब्ररी) लिनिअरकलरमॅपने करा आणि ० ते ३६ अशी पक्की बांधा. प्रत्येक महिन्याच्या नकाशात ती त्या-त्या डेटावर सोडली तर जुलैचं जवळजवळ गोडं पाणी आणि मेचं खारं पाणी एकाच रंगात दिसेल. पावसाळ्यात खालून खारं पाणी आत शिरतं, म्हणून पृष्ठभाग आणि तळ यांचे वेगळे फीचरग्रुप (ठिपक्यांचे गट) करून ते चालू-बंद करायला लेयरकंट्रोल जोडा.

ठिपके नदीऐवजी भलतीकडेच पडले? फोलियमला अक्षांश आधी लागतो, जिओजेसन या नकाशा-डेटाच्या फाइल प्रकाराला रेखांश.

हजारो ठिपके असतील तर मॅप बनवताना प्रेफर_कॅनव्हास ट्रू ठेवा, नाहीतर ब्राउझर रखडतो. मधल्या जागा इंटरपोलेशनने भरायचा मोह टाळा: सरळ अंतर धरणारी पद्धत दोन्ही नद्यांमधल्या तिसवाडीच्या जमिनीवरून थेट मांडवीतून झुआरीत जाते, पाणी मात्र समुद्राकडून किंवा कुंभारजुव्याच्या कालव्यातूनच जातं.