जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं तर पिकअप वाढतो का?

मॅन्युअलमध्ये ९१ ऑक्टेन लिहिलंय, तर ९५ टाकून पिकअप वाढेल का आणि चढावर इंजिनातून येणारी टकटक थांबेल का, असं तुम्ही विचारलंय. पिकअपचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’. टकटक कदाचित थांबेलही, पण ती का होतेय हे आधी बघायला हवं.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाब आणि उष्णता वाढली तरी आपोआप पेट न घेता ते किती तग धरतं, त्याचं हे माप. आयसो-ऑक्टेनला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला ० धरलंय. ९१चं पेट्रोल चाचणीच्या इंजिनात या दोघांच्या ९१:९ मिश्रणाइतकं टिकतं, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. इथेनॉलचं ऑक्टेन १००च्या वर आहे, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच. म्हणून ते मिसळलं की ॲव्हरेज घटतं.

आता टकटक. प्लगची ठिणगी पडली की ज्योत सिलिंडरभर पसरत जाते. तिच्या पुढचं न जळलेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं, तापतं, आणि ज्योत पोचायच्या आत स्वतःच पेटलं तर एकदम भडका उडतो. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात, तेच नॉकिंग. क्वचित, हलकंसं झालं तर इंजिन सोसतं. जोरात आणि सतत होत राहिलं तर पिस्टनला खड्डे पडतात, रिंगा तुटतात, हेड गॅस्केट जातं.

मग महाग पेट्रोलचा उपयोग काय? तो खरं तर इंजिनाची रचना करणाऱ्याला होतो. इंधन टिकाऊ असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबलं जातं ते) किंवा हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचा दाब वाढवता येतो, आणि ताकद तिथून मिळते. ९१साठी बनवलेल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन ९५ भरल्याने वाढत नाही. उलट, ९५ मागणाऱ्या टर्बो इंजिनात ९१ टाकलं तर फरक जाणवतो: नॉक सेन्सरला कंपनं कळतात, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) ठिणगी उशिरा पाडतो, इंजिन वाचतं पण पिकअप मरतो. काही ईसीयू चांगलं पेट्रोल मिळालं की ठिणगी थोडी लवकरही पाडतात, पण आखून दिलेल्या मर्यादेतच.

एक मात्र तपासा, मॅन्युअलमधला आकडा कुठल्या पद्धतीचा आहे. बहुतेक देशांत ‘रॉन’ लिहितात, म्हणजे सौम्य चाचणीत मिळालेलं ऑक्टेन. अमेरिकेत रॉन आणि मॉन (जास्त कडक चाचणीतलं ऑक्टेन) यांची सरासरी लिहितात, त्यामुळे तिथलं ८७ म्हणजे साधारण ९१ रॉनच. यावरून लोक उगाच वाद घालत बसतात.

तुमच्या बाबतीत मी आधी गिअरकडे बघेन. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, ॲक्सिलरेटर दाबून चढ चढत असाल तर गिअर खाली घ्या. आवाज बऱ्याचदा तिथेच थांबतो. तरी येत असेल तर टाकी जवळजवळ रिकामी झाल्यावर ९५ भरा आणि तोच चढ त्याच गिअरमध्ये चढून बघा. आवाज गेला तर ते नॉकिंगच होतं. गाडी नवी असताना ९१वर आवाज येत नसेल आणि आता येत असेल, तर सिलिंडरमध्ये साचलेला कार्बन, कूलंट आणि प्लग तपासून घ्या. आवाज तसाच राहिला तर पेट्रोलचा विषय सोडा आणि मेकॅनिककडून टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) आणि सायलेन्सरचे सैल पत्रे बघून घ्या.