घरी जेवायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी कापडी नॅपकिन ठेवावेत का, आणि टेबलावर काय पाळावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलीच्या होणाऱ्या सासरची चार माणसे दुपारी जेवायला येणार आहेत, घरचे चौघे धरून टेबलावर आठ जण बसतील, आणि बेत वरण-भात, अळूची भाजी, मसालेभात, श्रीखंड-पुरी असा अस्सल आपला आहे. कागदी टिश्यूंऐवजी कापडी नॅपकिन ठेवावेत असे तुम्हाला वाटते; पण सासूबाईंना तो हॉटेलचा थाट वाटतो, आणि पाहुण्यांना ते कसे वापरायचे हे ठाऊक नसेल तर ते अवघडतील, अशी शंका तुम्हालाही आहे. एका हॉटेलच्या लिनन रूममध्ये मी काही वर्षे काम केले आहे आणि घरीही माणसांची ये-जा पुष्कळ असते, म्हणून सविस्तर लिहिते.

नॅपकिन जरूर ठेवा. मात्र सासूबाईंच्या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय नॅपकिन टेबलावर मांडू नका. कापडी नॅपकिनचे पाश्चात्त्य शिष्टाचार काट्या-चमच्याने जेवणाऱ्यांसाठी ठरलेले आहेत. त्यांची बोटे जेवणभर कोरडी असतात आणि नॅपकिनचे काम ओठ टिपणे आणि मांडीवरचे कपडे वाचवणे एवढेच असते. आपला उजवा हात पहिल्या घासापासून उष्टा होतो. आमटीने भरलेला हात कोणी पांढऱ्याशुभ्र नॅपकिनला पुसणार नाही, कारण तसे करणे आपल्या मनाला पटतच नाही. मग तो नॅपकिन घडी न मोडता ताटाशेजारी पडून राहतो आणि पाहुणा चार-चार टिश्यू ओढून घेतो. ते ओल्या बोटांना चिकटतात, त्यांचे तुकडे नखांत अडकतात आणि शेवटी बोळे ताटात पडतात. तेव्हा हात धुण्याची सोय आधी आणि नॅपकिन नंतर, हा क्रम लक्षात ठेवा.

ही सोय दोन प्रकारे करता येते. बेसिन जेवणाच्या खोलीतच असेल तर तेथे साबण आणि दोन-तीन कोरडे, स्वच्छ टॉवेल ठेवा. एकाच टॉवेलला आठ जणांनी हात पुसले की पाचव्या माणसाला ओला गोळा मिळतो. बेसिन लांब असेल किंवा पाहुण्यांत गुडघ्यांचा त्रास असलेले कोणी असेल, तर जेवण संपता संपता प्रत्येकापुढे एका पसरट वाटीत कोमट पाणी आणि लिंबाची चकती द्या. लिंबाच्या आंबटपणाने तुपा-तेलाचा ओशटपणा कमी होतो. वाटी ठेवताना ‘हात इथेच धुऊन घ्या’ असे सहज म्हणावे, म्हणजे पाणी कशासाठी आहे हा संभ्रम कोणाला पडत नाही. धुतलेली ओली बोटे कोरडी करायला मात्र नॅपकिनसारखी दुसरी वस्तू नाही. सासूबाईंना हेही सांगून पाहा, की पूर्वी जेवून उठलेल्या वडीलधाऱ्यांच्या हातावर तस्तात पाणी घालून पुसायला पंचा दिला जाई. त्या पंचाचे काम आणि या नॅपकिनचे काम एकच आहे.

आता मांडणी. नॅपकिन ताटाच्या डाव्या हाताला, साधी चौकोनी किंवा लांबट घडी घालून ठेवावा. हंस, पंखा, कमळ असल्या घड्या मेजवान्यांच्या दिवाणखान्यात शोभतात. त्या घालताना कापड किती वेळा हाताळले जाते, हे लिनन रूममध्ये पाहिलेला माणूस घरी त्यांच्या वाटेला जात नाही. नॅपकिनच्या कड्याही विकत आणू नका. युरोपातील घरांत नॅपकिन रोज धुतला जात नसे, घरच्या प्रत्येकाला आपापला नॅपकिन पुढच्या जेवणाला ओळखता यावा म्हणून त्याला स्वतंत्र कडी असे. पाहुण्याला तर दर वेळी धुतलेलाच नॅपकिन द्यायचा, मग कडीचे प्रयोजन उरत नाही. पाण्याचा पेला मी डावीकडेच ठेवते, कारण उजवा हात उष्टा असतो आणि तुपकट बोटांनी काचेचा पेला निसटतो. ताट मात्र आपल्या रीतीनेच वाढावे: वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. टेबलावर जेवायचे म्हणून ही शिस्त मोडण्याचे कारण नाही. पाहुण्यांत चित्राहुती घालणारे कोणी असतील तर त्यांच्या ताटाच्या उजवीकडे एक लहानशी ताटली ठेवा. टेबलक्लॉथवर पाणी आणि भाताची शिते पडतील म्हणून ते बिचारे संकोचतात, आणि ही ताटली पाहिली की त्यांचा संकोच जातो. शेवग्याच्या शेंगांची आमटी किंवा मासे असतील तर चोथ्यासाठी आणि काट्यांसाठीही वेगळी वाटी हवी. काटे नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवण्याची वेळ पाहुण्यावर आणू नये.

पाहुणे अवघडतील ही तुमची शंका दूर करणे सर्वस्वी यजमानांच्या हाती आहे. पाश्चात्त्य रीतीप्रमाणेही घरच्या यजमानीणबाईंनी नॅपकिन उलगडला की जेवणाची सुरुवात झाली असे मानतात. म्हणून बसल्यावर तुम्ही स्वतः आपला नॅपकिन उचला, अर्धा उलगडा आणि दुमड आपल्याकडे येईल असा मांडीवर ठेवा. बोलता बोलता, कोणाकडे न पाहता हे करावे. ज्यांना ठाऊक नाही ते पाहून तसे करतील, ज्यांना करायचे नाही ते करणार नाहीत, आणि दोन्ही ठीक आहे. एखाद्या आजोबांनी नॅपकिन गळ्याशी खोचला किंवा घाम पुसला, तरी घरच्या मुलांनी एकमेकांकडे पाहून हसायचे नाही, एवढे त्यांना आदल्या दिवशी बजावून ठेवा. ओठ पुसताना घासू नये, टिपावेत. मध्येच उठावे लागले तर नॅपकिन खुर्चीवर ठेवावा. जेवण झाल्यावर पुन्हा कडक घडी न घालता सैलसर गोळा करून ताटाच्या डावीकडे ठेवावा. हे नियम घरच्यांनी पाळण्यासाठी आहेत, पाहुण्यांना शिकवण्यासाठी नाहीत.

हे सारे जमण्यासाठी यजमानीणबाईंनी टेबलावर बसलेले असले पाहिजे, आणि आपल्या घरांत खरी अडचण येते ती येथेच. पाहुणे जेवत आहेत, घरातले पुरुष त्यांच्याबरोबर गप्पा मारत आहेत आणि घरची बाई कढईपुढे उभी राहून गरम पुऱ्या तळते आहे, असे चित्र अजूनही पुष्कळ ठिकाणी दिसते. त्यामागचा हेतू प्रेमाचा असतो हे मान्य केले, तरी होणाऱ्या व्याही-विहिणींना तुमच्याशी बोलायचे असते आणि तुम्ही मात्र दर तीन मिनिटांनी पुरी घेऊन येता व परत जाता. पुऱ्यांचा हट्टच असेल तर त्या तळायला त्या दिवसापुरते कोणाला तरी बोलवा. नाहीतर बेत बदला. घडीच्या पोळ्या तासभर आधी करून डब्यात सुती फडक्यात गुंडाळून ठेवल्या तर मऊ राहतात, आणि श्रीखंड त्यांच्याबरोबरही उत्तम लागते. गरम पुरीपेक्षा समोर बसून जेवणारी यजमानीण पाहुण्यांना जास्त हवी असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाढण्याबद्दलही थोडे सांगते. टेबलाच्या मध्यभागी भांडी ठेवून ‘आपापले घ्या’ म्हटले की उष्ट्या हाताचा प्रश्न येतो. डाव्या हाताने वाढून घेण्याची सवय काहींना असते, काहींना ते अवघड जाते, आणि वडीलधाऱ्यांसमोर तर अधिकच. पहिली वाढ घरच्या एकाने सर्वांना करावी, आणि ती पाहुण्याच्या डाव्या बाजूने, म्हणजे त्याच्या जेवणाऱ्या हाताला धक्का लागत नाही. नंतरचे वाढताना विचारून वाढावे. आग्रह हा आपल्या आतिथ्याचा प्राण आहे हे खरे. पण दोनदा विचारून माणूस ‘नको’ म्हणाला असेल, तर ताटावर आडवा हात धरलेला असतानाही बोटांच्या फटीतून श्रीखंडाचा चमचा उलटा करणे हा आग्रह नव्हे. मधुमेह असलेला माणूस चारचौघांत तसे सांगायला संकोचतो, आणि तो मुकाट्याने खातो किंवा मुकाट्याने टाकतो. गोड पदार्थ वाढण्याआधी हळूच ‘किती वाढू?’ असे विचारले की झाले.

एक गोष्ट पंगतीकडून जशीच्या तशी उचलावी, ती म्हणजे सर्वांचे होईपर्यंत कोणी उठायचे नाही. काट्या-चमच्याच्या टेबलावरही हाच नियम आहे. फक्त आपल्याकडे वाट पाहताना हात वाळतो, हळद बोटांवर सुकते, म्हणून सगळे अस्वस्थ होतात. अशा वेळी सावकाश जेवणाऱ्यांना घाई न करता ज्यांचे झाले त्यांच्यापुढे कोमट पाण्याची वाटी ठेवावी. ते हात धुऊन, नॅपकिनला पुसून निवांत गप्पा मारत बसतात. यजमानाने मात्र आपले ताट सर्वांत आधी संपवू नये. शेवटचा पाहुणा जेवत असेल तर आपल्याही पानात चार घास ताकभात ठेवावा.

आता खरेदी. तयार नॅपकिन घेताना शंभर टक्के सुती किंवा लिननचे घ्या. पॉलिस्टरचे नॅपकिन दिसायला चकचकीत असतात, सुरकुतत नाहीत. पण पाणी शोषत नाहीत आणि मांडीवरून घसरतात. मी तर कापड आणून शिवून घेण्याचा सल्ला देईन. 44 इंच पन्ह्याचे 3 मीटर सुती कापड आधी धुऊन, आटवून घ्या. त्यातून 21 इंचांचे 10 चौकोन निघतात, चारी बाजू दुमडून शिवल्यावर साधारण 19 इंचांचा नॅपकिन होतो आणि आठ जणांसाठी दोन जास्तीचे हाताशी राहतात. नव्या कापडातली खळ जाईपर्यंत ते नीट पाणी पीत नाही, म्हणून पाहुण्यांपुढे ठेवण्याआधी दोन-तीनदा धुवावे. फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नये, त्यानेही शोषण कमी होते. स्टार्च करायचाच असेल तर अगदी हलका करावा, कारण कडक नॅपकिन ओठांना बोचतो.

रंग पांढरा किंवा मोतिया असावा, असे मी म्हटले तर पुष्कळांना आश्चर्य वाटते, कारण आपल्याकडे हळद! पण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, आणि पांढऱ्या कापडाला कितीही ऊन दिले तरी त्याचा मूळ रंग उडण्याची भीती नसते. गडद कापडावर हळद दिसत नाही, पण तेलाचे काळपट ठसे राहतात आणि धुण्याने रंगही विटतो. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, याने घाबरू नये. हळकुंडाचे कुंकू होते तेही अशाच क्षारामुळे. स्वच्छ पाण्यात खंगाळल्यावर लाली जाऊन पिवळेपणा परत येतो. मग ते कापड ओलेच कडक उन्हात पसरावे; डाग फिका होतो, आणि उरला तर पुन्हा ओले करून उन्हात टाकावे. तुपाच्या डागावर आधी टाल्कम पावडर भुरभुरून तासाभराने झटकावी आणि मग भांड्यांचा द्रवसाबण चोळावा. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री करू नये, उष्णतेने तो पक्का बसतो. आणि हे सगळे पाहुणे गेल्यावर करायचे: श्रीखंडाचा केशरी ठिपका नॅपकिनवर पडलेला दिसला म्हणून जेवण चालू असताना तो उचलून सिंककडे धावायचे नाही.