माल्टाजवळच्या फिल्फ्ला बेटावर बोट करून जाता येतं का? एक रात्र तंबू टाकून राहता येईल का?

नाही, दोन्ही नाही. कोणी बोटवाला गुपचूप न्यायला तयार झाला तरी जाऊ नका.

मी माल्टात नोकरीला आहे. इथे येणारा जवळपास प्रत्येक पाहुणा हाजर ईमच्या महापाषाणी मंदिरापाशी उभा राहून हेच विचारतो. बेट समोरच दिसतं, किनाऱ्यापासून जेमतेम पाच किलोमीटरवर. माथा सपाट, कडे सरळसोट, उंची साठेक मीटर. वस्ती नाही. चौदाव्या शतकात तिथे एक छोटं चॅपल होतं, ते 1856 च्या भूकंपात गेलं आणि बेटाचा एक तुकडाही सोबत घेऊन गेलं.

पुढे ब्रिटिशांनी या खडकाला चांदमारीचं लक्ष्य केलं. नौदलाच्या तोफा, विमानांतले बॉम्ब, सगळं 1971 पर्यंत यावरच. न फुटलेला दारूगोळा अजून आसपास पाण्याच्या तळाशी आहे, म्हणून एक सागरी मैलाच्या परिघातही निर्बंध आहेत. 1988 मध्ये बेटासाठी स्वतंत्र कायदा झाला. आता संशोधकांनाच, तेही परवाना काढून, उतरता येतं.

पण तुमच्या तंबूला माझा खरा विरोध बॉम्बमुळे नाही. कड्यांवरून कोसळलेल्या दगडांचा पायथ्याशी खच पडलाय. त्यातल्या फटींमध्ये स्टॉर्म पेट्रेल हा चिमणीएवढा समुद्रपक्षी हजारोंच्या संख्येने घरटी करतो. जोडीमागे वर्षाला एकच अंडं. दिवसा कुरव पक्षी त्यांना टिपतात, म्हणून पेट्रेल अंधार पडल्यावरच घरट्याकडे येतात. म्हणजे तुम्ही टॉर्च लावून दगडांवरून चालाल, नेमकी तीच त्यांची पिल्लांना भरवायची वेळ. शिवाय अंगावर निळसर-हिरवे ठिपके असलेला काळपट सरडा तिथे आहे. सरड्याची ही उपजात जगात फक्त याच सहा हेक्टरांत सापडते. चार हौशी माणसांच्या सामानातून एखादी उंदरीण तिथे पोचली तर काय होईल, विचार करा.

बघायचंच असेल तर डिंगलीच्या कड्यावर मेरी मॅग्डालीनच्या चॅपलपाशी संध्याकाळी जा. गर्दी कमी, जागा फुकट. विद इझ-झुरीएहून निघणाऱ्या ब्लू ग्रोटोच्या बोटीतूनही बेट छान दिसतं, पण ती बोट गुहा दाखवून परत फिरते. दुर्बीण असेल तर न्या. मात्र दिवसा बेटावर घिरट्या घालताना दिसतील ते कुरव, त्यांना पेट्रेल समजून फोटो टाकू नका.