पहिली डिस्क भरली, दुसऱ्या दोन रिकाम्याच

प्रश्न : आमच्या स्टुडिओत लग्नांचे चित्रीकरण साठवण्यासाठी अनरेड (अनेक डिस्क एकत्र वापरणारी सर्व्हर प्रणाली) या प्रणालीचा सर्व्हर आहे. त्यात डेटासाठी ८ टेराबाइटची एक आणि ४ टेराबाइटच्या दोन डिस्क असून पॅरिटीची (एखादी डिस्क बिघडल्यास डेटा परत मिळवण्यासाठीची) डिस्क वेगळी आहे. ‘लग्ने’ या शेअरमध्ये (अनेक डिस्कवर पसरू शकणाऱ्या सामायिक फोल्डरमध्ये) ‘२०२५’ हा फोल्डर आणि त्यात प्रत्येक लग्नाचा स्वतंत्र फोल्डर अशी रचना आहे. वाटपाची पद्धत (नवी फाइल कोणत्या डिस्कवर जाईल ते ठरवणारी) ‘हाय-वॉटर’ आणि स्प्लिट लेव्हल (फोल्डर कोणत्या पातळीपर्यंत वेगवेगळ्या डिस्कवर विभागता येतील ते ठरवणारे सेटिंग) ‘फक्त सर्वांत वरची पातळी’ अशी ठेवली आहे. दोन डिस्क रिकाम्या असतानाही ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश येतो. ‘मोस्ट-फ्री’ (सर्वांत जास्त मोकळी जागा असलेल्या डिस्कवर लिहिण्याची) पद्धत निवडावी का?

उत्तर : पद्धत बदलून हा प्रश्न सुटणार नाही, कारण अडचण स्प्लिट लेव्हलमध्ये आहे आणि या प्रणालीत वाटपाची पद्धत व स्प्लिट लेव्हल यांचा मेळ बसला नाही, तर स्प्लिट लेव्हलचेच चालते. आपल्या सेटिंगचा अर्थ असा, की ‘लग्ने’ हा शेअर अनेक डिस्कवर पसरू शकतो, पण त्याच्या आतला ‘२०२५’ हा फोल्डर ज्या डिस्कवर प्रथम तयार झाला, तिथेच त्यातले सर्व काही राहते. वर्षाचा फोल्डर नसता आणि लग्नांचे फोल्डर थेट शेअरमध्ये असते, तर हेच सेटिंग योग्य ठरले असते.

म्हणून ‘वरच्या दोन पातळ्या’ हा पर्याय निवडावा. एका लग्नाच्या सर्व फाइल एकाच डिस्कवर राहतील आणि नवे लग्न मात्र दुसऱ्या डिस्कवर जाऊ शकेल. ‘हाय-वॉटर’ तसेच राहू द्यावे. ही पद्धत डिस्कवर किती जागा मोकळी उरेपर्यंत लिहायचे याची मर्यादा सर्वांत मोठ्या डिस्कच्या निम्म्या क्षमतेपासून सुरू करून निम्मी-निम्मी करत जाते, त्यामुळे आपल्याकडे दुसऱ्या डिस्कवर सुमारे २ टेराबाइट जागा उरेपर्यंत तिथे लेखन होईल आणि मग तिसरीची पाळी येईल. ‘मोस्ट-फ्री’मध्ये समान रिकाम्या डिस्कवर आलटून पालटून लेखन होते आणि दोन्ही विनाकारण फिरत राहतात.

‘किमान मोकळी जागा’ हा रकानाही तपासावा; डिस्कवर याहून कमी जागा उरली, की प्रणाली नवी फाइल दुसऱ्या डिस्कवर नेऊ पाहते. फाइल तयार होताना तिचा अंतिम आकार प्रणालीला ठाऊक नसतो, त्यामुळे हा आकडा आपल्या सर्वांत मोठ्या फाइलपेक्षा जास्त हवा; आपल्या फाइल ६० गिगाबाइटपर्यंत जात असतील, तर १०० गिगाबाइट ठेवावेत.

हे बदल फक्त नव्या फाइलींना लागू होतात. अर्धवट राहिलेल्या लग्नाचे उरलेले चित्रीकरण अजूनही पहिल्याच डिस्कवर जाऊ पाहील, तेव्हा तिथली एक-दोन जुनी लग्ने स्वतः हलवावी लागतील. हलवताना एका डिस्कच्या मार्गावरून थेट दुसऱ्या डिस्कच्या मार्गावर न्यावे. डिस्कचा मार्ग (उदा. /mnt/disk1) आणि शेअरचा मार्ग (उदा. /mnt/user) यांची सरमिसळ केली, तर मूळ आणि प्रत या दोन्ही जागी एकच फाइल असू शकते; ती स्वतःवरच लिहिली जाते आणि तिच्यातला मजकूर नाहीसा होतो.