राष्ट्राध्यक्षांच्या सहायकाच्या जुन्या फायलींत काय सापडतं?

अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या हाताखालच्या एखाद्या सहायकाचे कार्यालयीन कागद इतके जपून का ठेवतात आणि ते वाचून हाती काय लागतं, असं तुम्ही विचारलंय. गुपितं शोधायला जाणार असाल तर बहुधा कंटाळाल. मला त्यात रस वाटतो तो वेगळ्याच कारणासाठी. राष्ट्राध्यक्षांच्या सहीचं पत्र गुळगुळीत असतं; ते कोणी अडवलं, कोणी बदललं, कोणाला राग आला, हे सगळं सहायकाच्या फायलीत राहतं.

जॉन रॉबर्ट्स यांचंच बघा. आज ते अमेरिकेचे सरन्यायाधीश आहेत, पण 1982 ते 1986 या काळात ते राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्षांचे मुख्य वकील फ्रेड फील्डिंग यांच्या हाताखाली काम करणारे तरुण वकील होते. त्यांच्या फायली कॅलिफोर्नियातल्या सिमी व्हॅलीला, रेगन ग्रंथालयात आहेत. आपल्याकडच्या कचेरीत टिपणावर शेरा पडून फाइल पुढे सरकते, तसाच हा सगळा मामला.

1984 साली मायकल जॅक्सनला राष्ट्राध्यक्षांच्या सहीचं पत्र पाठवायचा घाट घातला गेला. मसुदा रॉबर्ट्सकडे आला आणि त्यांनी नको म्हणून लिहिलं. पुन्हा तसाच मसुदा आला, तेव्हा त्यांच्या टिपणाचा सूर असा: जॅक्सनच्याच तबकडीसारखं मी तेच पालुपद आळवतोय खरं, पण हे पत्र जाऊ नये. शिवाय प्रिन्स नावाचा कोणी नवा गायकही वॉशिंग्टनला कार्यक्रम करणार आहे म्हणे, मग त्यालाही पत्र देणार का? तिशीही न गाठलेल्या वकिलाचा हा तिरकसपणा कुठल्याही अधिकृत चरित्रात इतका ताजा सापडणार नाही.

2005 मध्ये रॉबर्ट्स यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी पुढे आलं आणि याच कागदांवर पत्रकार तुटून पडले. गृहिणींना वकील व्हायला उत्तेजन देण्यात समाजाचं हित आहे का, असा एक खोचक शेरा त्यात निघाला आणि त्यावर बराच गदारोळ झाला. माझ्या मते तो टोमणा गृहिणींपेक्षा वकिलांनाच जास्त होता, पण सुटं वाक्य वर्तमानपत्रात आलं की असंच होतं. त्याच उन्हाळ्यात सरकारी वकील फायली तपासून गेल्यावर अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शनबद्दलचा (म्हणजे वंचित गटांना शिक्षणात-नोकरीत झुकतं माप देण्याच्या धोरणाबद्दलचा) एक फोल्डर गायब झाल्याचं लक्षात आलं. चौकशीही झाली, पण तो कुठे गेला ते कळलं नाही.

आता कायद्याचं. पूर्वी हे कागद राष्ट्राध्यक्षांची खाजगी मालमत्ता समजले जात. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हावं लागलं त्या वॉटरगेट प्रकरणानंतर 1978 साली कायदा झाला आणि 20 जानेवारी 1981 पासूनच्या राष्ट्राध्यक्षांचे कागद देशाच्या मालकीचे झाले. कारकीर्द संपल्यावर 5 वर्षांनी ते मागता येतात, पण राष्ट्रीय सुरक्षा, नेमणुका, सल्लागारांनी दिलेला गोपनीय सल्ला अशा काही प्रकारांना 12 वर्षांपर्यंत अटकाव करता येतो. रेगन यांची 12 वर्षं जानेवारी 2001 मध्ये भरली, तरी अशा कागदांची सुमारे 68,000 पानं जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या सरकारने लगेच खुली होऊ दिली नाहीत. सल्ला देणाऱ्याला मोकळेपणाने लिहिता यावं ही सबब मला पूर्णपणे खोटी वाटत नाही. मात्र 12 वर्षं पुरेशी आहेत.

वाचायला बसलात तर फोल्डरमधली काढून घेतलेल्या कागदांची यादी आधी बघा. कागद हाती नसला तरी तो कोणी कोणाला लिहिला, तारीख, पानं आणि अटकावाचं कारण बहुधा तिथे असतं. आणि एकाच माणसाच्या फायलीवर थांबू नका. रॉबर्ट्स यांचं टिपण एका खोक्यात, तर फील्डिंगनी त्याचं काय केलं ते दुसऱ्याच खोक्यात असू शकतं. जे अजून उघडलेलं नाही त्यासाठी अर्ज करायला अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही. पुण्यात किंवा पणजीत बसूनही करता येतो. फक्त उत्तराची घाई असेल तर करू नका.